न घेतलेलं माप

"हे माप ज्यानं घेतलंय ना, तो माणूस मला एकदा भेटू दे... त्याचीच मापं काढते!"

मी हे स्वतःशीच म्हणाले, पण चांगल्या खणखणीत आवाजात. मॉरिशसमधल्या पोर्ट लुईच्या बाजारात, रिळांनी छतापर्यंत भरलेल्या एका दुकानात मी उभी होते. एका हातात पिवळ्या रेशमाचा तुकडा, दुसऱ्या हातात पिवळी रिळं, आणि एकाचाही रंग रेशमाशी जुळत नव्हता. दुकानदार चिनी होता. बाहेर रस्त्यावर लोक फ्रेंचसारखं काहीतरी भरभर बोलत चालले होते. आपलं मराठी इथं कोणाला कळतंय, ह्या भरवशावर माझं तोंड सुटलं होतं.

"आणि भेटला तर काय करशील?" मागून कोणीतरी विचारलं... मराठीत!

मी गर्रकन वळले. उंच, सावळा, तिशीच्या आतला एक माणूस हसू दाबत उभा होता. त्याच्या बाहीवर तपकिरी साखरेची भुकटी होती, आणि अंगाला गुऱ्हाळाजवळून आल्यासारखा गोड वास.

"विचारीन की, बाबा रे, तू देवाचं माप घेत होतास की दुधी भोपळ्याचं?"

"भोपळ्याचं नव्हतं," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "विठोबाचंच होतं. मीच घेतलं."

"अय्यो देवरे!" माझ्या हातातलं एक रीळ खाली पडून घरंगळत गेलं.

"अय्यो?" त्याचे डोळे चमकले. "तुम्ही लोकही अय्यो म्हणता? आम्हीही म्हणतो! आमच्या क्रिओल बोलीत आहे हा शब्द."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं, आणि ह्याला अय्योचं कौतुक! तो खाली वाकला, काउंटरखाली गेलेलं रीळ काढून माझ्या हातात ठेवलं, आणि म्हणाला, "मी नरहरी. नरहरी भिवाजी. आता काढ माझी मापं."

मी मापं काढली नाहीत. मान खाली घालून रेशमाच्या तुकड्याकडे बघत बसले. मेलं ते पिवळंही धड दिसत नव्हतं.

आता मी त्या बेटावर काय करत होते, ते सांगायला हवं. आम्ही म्हैसूरचे. शिवरामपेठेत आमचं शिंप्याचं दुकान आहे, खापरपणजोबांपासूनचं. घरी मराठी बोलतो, म्हणजे आम्हाला तसं वाटतं. पुण्याकडचे पाहुणे आले की निम्मं त्यांना कळत नाही. माणसांचे कपडे आम्ही पोटासाठी शिवतो आणि देवांचे घराण्याचा नेम म्हणून. तलकाडपासून सरगूरपर्यंत कितीतरी देवळांतले देव सणाला आमच्या हातचे कपडे घालतात. माझे वडील नागोजीराव, म्हणजे अप्पा, ह्या कामात मुरलेले. शिवाय भजनात त्यांचा आवाज असा लागतो की रस्त्यावरची सायकल थांबते.

देवाला टेप लावायचा नाही, हा आमच्या घरचा शिरस्ता. टेप माणसांसाठी. देवाचं माप नव्या पांढऱ्या सुतानं घ्यायचं, खांद्याला एक गाठ, छातीला एक, कमरेला एक. आकडा नाहीच. ते सूत समोर ठेवून कपडा बेतायचा, आणि कपडा देवाच्या अंगावर चढला की सूत त्याच्या पायाशी सोडून द्यायचं.

मॉरिशसच्या त्या मराठी मंडळाला आमची भजनी मंडळी कशी सापडली, ती वेगळी कथा. त्यांच्या विठ्ठलमंदिराचा सुवर्णमहोत्सव कार्तिकी एकादशीला होता. भजन आमचं आणि देवाचा अंगरखाही आमच्याच घरचा, असं ठरलं. त्यांनी तिकडून सूत पाठवलं, मी इथं अंगरखा शिवला. हो, मीच. अप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. कापडाचा पोत त्यांना बोटांनी कळायचा, पण सुईत दोरा मी ओवून द्यायची. आई जाऊन चार वर्षं झाली होती. त्यामुळे अप्पा जिथं तिथं मी, असंच चाललं होतं. म्हणून मीही विमानात बसले.

आणि त्या दिवशी सकाळी अंगरखा देवाला घालून पाहिला, तर पाठीवरचे बंद एकमेकांना भेटेनात. चांगलं चार बोटांचं अंतर! अप्पांनी हात फिरवून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "सूत खोटं बोललं गं." मला तर रडूच कोसळलं. आमच्या घरचा कपडा देवाला अपुरा पडला, असं कधी झालं नव्हतं. पट्टी जोडायला घरून आणलेलं रेशीम होतं, पण जुळता दोरा नव्हता. मंदिरातल्या कोणाच्या तरी मोटारीत बसून मी तशीच बाजारात आले होते.

"एक सांगा," परत जाताना मोटारीत मी विचारलं. तो ड्रायव्हरशेजारी पुढे बसला होता, मी मागे. "माप घेताना सूत कोरडं होतं ना?"

त्यानं बाहीवरची साखर झटकली. "माप घ्यायच्या आधी मी देवाला आंघोळ घातली होती."

"का?"

"पारोशा देवाच्या अंगाला सूत कसं लावायचं?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. म्हणजे ह्या माणसानं पहाटे उठून देवाला न्हाऊ घातलं, ओल्या अंगालाच सूत लावलं, ताणून ताणून गाठी मारल्या. ओलं सूत ताणलं की लांबतं, आणि वाळलं की आखडतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पारोशा देवाला सूत लावू नये, हे आमच्या इतक्या पिढ्यांत कोणाच्या मनात आलं नव्हतं. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला, आणि राग गेल्यावर त्या माणसाकडे कसं बघायचं तेच कळेना.

"परवागिल्ला," मी पुटपुटले. "म्हणजे... चालतंय. पुन्हा माप घेऊ."

"पा त्राकासे," तो मागे वळून म्हणाला. "म्हणजे काळजी करू नको. मी सूत धरतो."

गाभारा एवढासा. देव कमरेवर हात ठेवून मधे उभा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. सूत देवाच्या पाठीमागून न्यायचं तर एका माणसाचे हात पुरत नाहीत. मी टोक द्यायची, तो पलीकडून घ्यायचा, पुन्हा माझ्याकडे द्यायचा. देण्याघेण्यात बोटं लागायचीच... दोघंही लागली नाहीत असं दाखवायचो.

"सूत कोरडं आहे ना?" मी विचारलं.

"सूत कोरडं आहे. माझे हात ओले आहेत."

"मग पुसा की!"

"दोनदा पुसले," तो हळूच म्हणाला. "तू बघायला लागलीस की पुन्हा ओले होतात."

समईच्या उजेडात माझा चेहरा त्याला दिसत नसावा, अशी मी देवाची प्रार्थना केली. देव काय, हसतमुखानं उभा. त्याला काय, त्याची रखुमाई शेजारच्या गाभाऱ्यातच होती.

नरहरीच्या घरी ओसरीवर पायाचं शिवणयंत्र होतं, म्हणून काम तिथं न्यायचं ठरलं. त्याची आई लक्ष्मीदेवी. मी मावशी म्हणायला लागले आणि त्या लगेच माझ्या झाल्या. त्यांचं मराठी त्यांच्या आजेसासूच्या तोंडून जसंच्या तसं उतरलेलं, जुनं कोकणातलं. "पोरी, खाल्लंस काय गो?" असं त्या दर तासाला विचारायच्या. समोर पपईचं झाड, त्यामागे डोंगर. एक सुळका आभाळात असा उभा, की मला वाटलं कोणी अंगठाच वर केलाय. तिथले लोकही त्याला अंगठाच म्हणतात, हे नंतर कळलं. मला मात्र बसल्या बसल्या त्या अंगठ्यावर शिंप्याचं अंगुस्तान चढवावंसं वाटायचं.

नरहरी बंदरावर साखरेच्या गोदामात कामाला. हंगाम जोरात होता. गावागावांतून उसाचे ट्रक कारखान्यांकडे धावत होते, आणि कारखान्यांतली साखर बंदराकडे. तरी दुपार कलली की हा बाहीवर साखर घेऊन ओसरीवर हजर! कापडाचं टोक धर, कात्री दे, यंत्राला तेल घाल, काहीही सांगा. कामाला नाही म्हणायचा नाही आणि तोंडानं गप्प बसायचा नाही.

"आमच्या उसासारखा गोड ऊस तू खाल्ला नसशील."

"अय्यो, आमच्या मंड्याला येऊन बघा. बसच्या खिडकीतून नुसता वास घेतला तरी पोट भरतं."

"वासानं पोट भरतं? मग तिथले लोक बारीक असतील."

"लोक बारीक नसतात. तिथून बाहेर गेलेले बारीक होतात, आठवणीनं."

"हं," तो म्हणाला, आणि कधी नव्हे तो गप्प बसला.

एका दुपारी लख्ख उन्हात पाऊस आला. डोंगराकडून सरसर आला, पपईच्या पानांवर वाजला, आणि आम्ही कापड आत नेईपर्यंत थांबलासुद्धा. तो दारात उभा होता, केसांवर थेंब, खांदे भिजलेले. मी पाहिलं, त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित उतरलेला होता. शिंप्याच्या मुलीला असलं दिसतंच. विचारलं, तर म्हणाला, लहानपणी सुट्टीत आजोबांबरोबर उसाच्या मोळ्या ह्याच खांद्यावरून वाहिल्या.

"माझाही एक सदरा शिव ना," तो म्हणाला.

"अप्पांना सांगते. तुमचं माप घेतील."

"तू नाही घेणार?"

"आमच्या दुकानात पुरुषांचं माप बायका घेत नाहीत. पहिल्यापासून."

"देवाचं घेतलंस की!"

"देवाची गोष्ट वेगळी. तो बोलत नाही."

"मीही बोलणार नाही," तो म्हणाला. "श्वाससुद्धा घेणार नाही."

मी यंत्राचं चाक जोरात फिरवलं आणि दोरा तुटला. मावशी आतून हसल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. अप्पांना माप द्यायला मात्र तो कधी गेला नाही. मीही आठवण केली नाही.

एकादशीच्या आदल्या संध्याकाळी अंगरखा पुरा झाला. नरहरीनं मला बंदर दाखवायला नेलं, अर्थात मावशींना बरोबर घेऊन. त्या एका बाकावर बसल्या आणि पाय दुखतात म्हणून उठल्याच नाहीत. त्यांचे पाय इतके दुखत नव्हते, हे मला माहीत होतं. आम्ही दोघं कठड्याशी उभे राहिलो. हातात आलूदाचे पेले, आपल्या फालुद्याचंच भावंड, गारेगार. समोर जहाजं. त्याची साखर जायची ती जहाजं.

"कुठं जाते एवढी साखर?" मी विचारलं.

"दूर. इथं पिकतं सगळं, आणि राहत काहीच नाही." तो पेल्यात बघत बोलत होता. "तुंगा... तू राहिलीस तर?"

मी पेला कठड्यावर ठेवला. हो म्हणावं असं अंगातलं सगळं रक्त सांगत होतं. आणि डोळ्यांपुढे येत होते अप्पा... शिवरामपेठेतल्या दुकानात एकटे, उजेडाकडे सुई धरून, दोरा पुन्हा पुन्हा नेढ्याच्या बाजूनं घालवणारे.

"अप्पांना दिसत नाही," मी म्हणाले. "सुईत दोरा मी ओवते."

त्यानं वाद घातला नाही, तेच मला झोंबलं. वाद घातला असता तर मी भांडले तरी असते. त्यानं फक्त मान हलवली आणि म्हणाला, "माझीही आई आहे. मला कळतं."

दुसऱ्या दिवशी अंगरखा देवाच्या अंगावर असा बसला, की लोक बघत राहिले. बंद बांधताना मी सूत देवाच्या पायाशी सोडलं. अप्पांनी अभंग उचलला, शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायका डोळे पुसायला लागल्या. मीही पुसले. माझे अश्रू देवासाठी नव्हते, देव मला माफ करो.

परत निघालो तो रस्ता उसातून जातो. दोन्ही बाजूंना माणसाच्या वर ऊस, कुठं कापलेलं रान. विमानतळावर नरहरी अप्पांच्या पाया पडला. मग माझ्यासमोर आला.

"माप द्यायचं राहिलं," तो म्हणाला.

"हो... राहिलं."

बस्स. एवढंच बोललो आम्ही. विमानात अप्पांनी विचारलं, "का गं, सर्दी झाली?" मी म्हटलं, "हूं."

म्हैसूरला आले, आणि घरचं सगळं जिथल्या तिथं होतं. तेच दुकान, सकाळची कॉफी, समोरच्या फुलवालीच्या टोपलीतली मल्लिगे. मीच तेवढी जाग्यावर नव्हते. कोपऱ्यावरच्या आयएसडी बूथमधून कधीमधी फोन लावायची. आवाज समुद्रातून यायला वेळ लागायचा. मी बोलायची तेव्हा तो बोलायचा, मग दोघंही थांबायचो, मग दोघंही "बोल" म्हणायचो. बूथच्या काचेपलीकडे माणसं ताटकळायची. शेवटी तो "पा त्राकासे" म्हणायचा, मी "परवागिल्ला" म्हणायची, आणि फोन ठेवायचा. काळजी तर दोघंही करत होतो, आणि चालण्यासारखं काहीच नव्हतं.

तलकाडला एका देवाचं माप घ्यायला गेले. वाळूत पाय रुतवत देवळात पोचले, सूत काढलं, देवाच्या पाठीमागून फिरवलं, आणि सवयीनं टोक पुढं केलं... पलीकडे घ्यायला कोणी नव्हतं. पुजारी म्हणाले, "एनम्मा, काय झालं?" मी म्हटलं, डोळ्यात वाळू गेली. तलकाडला हे कारण कोणालाही पटतं.

संक्रांत आली. एळ्ळु-बेल्ल, म्हणजे आमचा तीळगूळ, वाटताना ताटात उसाचा करवा होता. मी तो उचलला आणि नाकाशी धरला. बस्स, त्याच दुपारी मी कपाटातून पांढरं कापड काढलं, टेबलावर पसरलं आणि खडू हातात घेतला. सूत नाही, टेप नाही, आकडा नाही. डोळे मिटले की तो दारात उभा, केसांवर थेंब, खांदे भिजलेले. गळा एवढा, हात इथपर्यंत. उजवा खांदा किंचित उतरता. कात्री एकदाही अडखळली नाही.

काजं करत होते, तेव्हा अप्पा मागे येऊन उभे राहिले.

"कोणाचा गं सदरा?"

"ऑर्डरीचा."

"माप कुठंय?"

अप्पांनी सदरा माझ्या हातातून घेतला, मांडीवर पसरला आणि बोटं फिरवायला लागले. कॉलर, छाती, बाही. मग खांद्यावर येऊन त्यांची बोटं थांबली. एकदा डावा चाचपला, एकदा उजवा.

"हा खांदा उतरलेला आहे," ते म्हणाले. "ओझं वाहिलेला माणूस आहे." मग पुन्हा तोच खांदा चाचपला. "ह्याचं माप मी घेतलं नाही. तू घेतलंस?"

"नाही अप्पा. शप्पथ."

"शप्पथ कशाला घेतेस? कळतंय मला." त्यांनी सदऱ्याची घडी घातली, हळू, देवाच्या कपड्याची घालतात तशी. "मी बिनमापाचा कपडा जन्मात एकदाच शिवला. तुझ्या आईचं पोलकं. लग्नाआधी. ती समोरच्या नळावर पाणी भरायला यायची, आणि मी इथून..." ते हसले. "तिला इतकं अचूक बसलं, की तिच्या आईनं येऊन माझ्या वडिलांशी भांडण काढलं. माप न घेता एवढं अचूक बसतं कसं म्हणून!"

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि पोटभर रडले. त्यांनी "सुम्ने, सुम्ने, उगी" म्हणत माझ्या पाठीवर हात फिरवला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः, भिंतीच्या कडेनं चाचपडत, पोस्टात गेले आणि सदरा पाठवून आले. आत चिठ्ठी घातली का, मी विचारलं. म्हणाले, सदऱ्यात सगळं आहे, चिठ्ठी कशाला?

मग वाट. माघ गेला. फोन केला तर मावशी म्हणायच्या, "कामावर गेलाय गो," आणि भलतंच काही विचारायच्या. पार्सल मिळालं की नाही, हे मला तोंडानं विचारवेना. सदरा समुद्रात पडला असेल, कोणी चोरला असेल... नाहीतर मिळाला असेल, त्याला कळलं असेल, आणि तरीही तो गप्प असेल. ह्या शेवटच्या विचारानं माझी झोप उडायची.

युगादीच्या तोंडावर दुकानात कामाचा डोंगर होता. मी दारात पाठमोरी उभी राहून एका गिऱ्हाइकाच्या परकराची किनार उसवत होते, आणि उसवणाऱ्या माणसाचं तोंड जे करतं ते माझं करत होतं.

"ही किनार ज्यानं शिवलीय ना, तो मला एकदा भेटू दे..."

"आणि भेटला तर काय करशील?"

माझ्या हातातलं कापड पडलं. वळायची हिंमत होईना. वळले. दारात तो उभा होता, हातात बॅग, आणि अंगात तो पांढरा सदरा.

आणि सदरा त्याला ढगळ होत होता! गळ्याशी सैल, छातीवर झोळ, खांदा दंडावर उतरलेला. चुकलं... माझं माप चुकलं! जे माप डोळे मिटूनही चुकणार नाही अशी माझी खात्री होती, तेच चुकलं.

"अप्पा," मी कशीबशी म्हणाले, "ते आलेत. पण सदरा... सदरा मोठा झाला."

अप्पा उठले. नरहरी पुढे आला, पाया पडला. अप्पांनी त्याचे खांदे धरले, कापडावरून बोटं फिरवली, मग कापडाखालच्या माणसावरून.

"सदरा बरोबर आहे," अप्पा म्हणाले. "माणूस कमी झालाय."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. गालफडं वर आलेली, डोळ्यांखाली सावल्या. जवळ गेले, अप्पांच्या देखत.

"वाळलं की आखडतं," मी म्हणाले.

"सूत?"

"सूतसुद्धा."

तो हसला आणि मला रडू आलं. "पार्सल मिळालं तेव्हाच फोन करणार होतो," तो म्हणाला. "पण त्या फोनवर 'पा त्राकासे'शिवाय मला काही बोलताच येत नाही. आईला म्हटलं, काही सांगू नकोस, मीच जातो. हंगाम संपलाय. जूनपर्यंत बंदरावर काम कमी. आणि आई म्हणाली..." तो अप्पांकडे वळला. "आई म्हणाली, ओसरीवरचं यंत्र गंजायला लागलंय. तुम्ही दोघंही चला."

अप्पा खुर्चीवर बसले. रस्त्याकडे तोंड करून. समोर तो नळ होता, आता कोरडा, पण होता.

"मी नाही रे येत," ते म्हणाले. "माझं इथं आहे सगळं. ही जाईल." आणि मी तोंड उघडायच्या आत, "दसऱ्याला मात्र हिला पाठव. दसऱ्याला इथले देव नवे कपडे मागतात."

"अप्पा, आणि सुईत दोरा कोण ओवणार?"

"जायच्या आधी डबाभर सुया ओवून ठेव की. संपल्या, की ये."

रस्त्यावरून एक जटका टापांचा आवाज करत गेला. मग नरहरीनं घसा साफ केला आणि अप्पांपुढं सरळ उभा राहिला. "मला एक नवा सदरा हवा आहे. मुहूर्ताला घालायला. माप घ्या."

अप्पांनी गळ्यात हात घातला. तो टेप त्यांच्या गळ्यात मी जन्मल्यापासून बघत होते. झोपतानाच काय तो निघायचा. त्यांनी तो काढला, बोटांभोवती गुंडाळला, पुन्हा सोडला आणि हात माझ्याकडे केला.

"मला आकडे दिसत नाहीत," ते म्हणाले. "तू घे."

मी टेप घेतला. आमच्या दुकानात जे कधी झालं नव्हतं, ते मी करत होते. नरहरी हात बाजूला धरून उभा, बोलल्याप्रमाणे श्वाससुद्धा न घेता. मी टेप त्याच्या पाठीमागून फिरवला. या वेळी टोक घ्यायला पलीकडे कोणाची गरज नव्हती. दोन्ही टोकं माझ्याच हातात आली, त्याच्या छातीवर.

"हात कोरडे आहेत ना?" तो ओठ न हलवता म्हणाला.

"गप्प उभे राहा."

"किती आलं गं?" अप्पांनी विचारलं.

टेपवरचे सगळे आकडे एकमेकांत मिसळले होते, आणि माझ्या बोटांखाली त्याचं काळीज धडधडत होतं.

"चुकलं अप्पा," मी म्हणाले. "परत घेते."